शिवाराच्या नोंदीचा धनी कोण?

वणी तालुक्यातील राजूर हे गाव कोळशाच्या खाणींसाठी आणि चुनाभट्ट्यांसाठी यवतमाळ जिल्ह्यात परिचित आहे. येथील कोळसा रेल्वेने दूर जातो, गावाच्या वाट्याला बहुधा धूळच राहते. भूमीतून निघालेल्या संपत्तीचा किती अंश त्या भूमीतील माणसाला मिळतो, हा प्रश्न त्यामुळे या परिसराला नवा नाही. आज तोच प्रश्न एका निराळ्या संपत्तीविषयी उभा आहे. ही संपत्ती शिवारातून निघते, पण ती काट्यावर तोलता येत नाही. तिचे नाव माहिती. कोणत्या गटात पऱ्हाटी आहे, कोठे सोयाबीन आणि तूर आहे, माती कशी आहे, कर्ज किती आहे, अशा सर्व नोंदींचा हा साठा आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि तलाठ्याच्या वहीतील पीकपेरा शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून नोंदवू लागला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने २,८१७ कोटी रुपयांच्या डिजिटल कृषी अभियानास मान्यता दिली. 'ॲग्रिस्टॅक'खाली प्रत्येक शेतकऱ्याला ओळख क्रमांक देण्याचे काम सुरू झाले आणि १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी योजनांच्या लाभासाठी तो अनिवार्य ठरला. हेतू स्तुत्य आहे. मदत योग्य हाती पडावी, बोगस लाभार्थी गळावेत, नुकसानीची नोंद वेळेवर व्हावी, हे कोणाला नको आहे? परंतु हेतू चांगला असला, तरी व्यवस्थेची तपासणी टळत नाही.

या संदर्भात वऱ्हाडचा इतिहास आठवावा. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर स्थिरावली. मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नाक नावाचा कापूस आयुक्त नेमला गेला. कापसाखालील क्षेत्र, पिकाची स्थिती यांचे अहवाल तयार होऊन विलायतेच्या व्यापाऱ्यांपर्यंत जाऊ लागले. १८७० मध्ये खामगावला रेल्वे पोहोचली. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणीच्याच नावावरून इंग्रजी दप्तरात 'वून' म्हणून ओळखला जाई. येथील पिकाची खबर लिव्हरपूलच्या दलालाला होती. लिव्हरपूलच्या भावाची खबर येथील कास्तकाराला मात्र सावकाराच्या तोंडूनच मिळे. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाड होरपळला. नोंदी चोख होत्या, पण ज्याच्या शेताच्या त्या नोंदी होत्या, त्याचे हित साधणे हा त्यांचा उद्देशच नव्हता.

आज लिव्हरपूलची जागा कोणी घेतली आहे? २०१३ मध्ये मोन्सॅन्टो या बियाणे कंपनीने हवामान व शेतीच्या माहितीवर काम करणारी 'क्लायमेट कॉर्पोरेशन' ही कंपनी सुमारे एक अब्ज डॉलरला विकत घेतली. २०१८ मध्ये मोन्सॅन्टोच बायरच्या पोटात गेली. बियाणे, औषधे आणि शेताची माहिती ही तिन्ही एका हातात आली. ज्याला शेत कळले, त्याला काय विकावे आणि कोणत्या भावाने विकावे हेही कळते. अमेरिकेतील शेतकऱ्यांनाही याची धास्ती वाटली. २०१४ मध्ये तेथील शेतकरी संघटनांनी कंपन्यांशी बोलणी करून शेताची माहिती शेतकऱ्याच्या मालकीची हे तत्त्व मान्य करून घेतले. युरोपीय संघात तर सप्टेंबर २०२५ पासून यंत्रांनी गोळा केलेल्या माहितीवर, ट्रॅक्टरच्या माहितीवरसुद्धा, ती वापरणाऱ्याचा हक्क कायद्याने लागू झाला आहे. शेकडो एकरांच्या धन्याला जी चिंता वाटते, ती आमच्या तीन एकरवाल्याने का करू नये?

आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने मायक्रोसॉफ्टशी सहा राज्यांतील शंभर गावांसाठी करार केला, तेव्हा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाच अस्तित्वात नव्हता. अनेक शेतकरी संघटनांनी आक्षेप घेतला, तो अकारण नव्हता. कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण तो व्यक्तीची ओळख सांगणाऱ्या माहितीपुरता आहे. नाव काढून टाकून साऱ्या गावाची एकत्रित माहिती कोणी वापरली, तर गावाला विचारणारे कलम त्यात नाही. गोपालकृष्णन समितीने २०२० मध्ये अशा माहितीवर समूहाचा हक्क असावा असे सुचविले होते. त्याचा कायदा झालेला नाही.

दुसरी उणीव अधिक जिव्हारी लागणारी आहे. ही सारी नोंद सातबाऱ्याला बांधलेली आहे. जो ठेक्याने वावर करतो, जी विधवा नवऱ्यामागे शेत कसते पण जिच्या नावाचा फेरफार झालेला नाही, जो सालगडी फवारणी करतो, त्यांचे या चित्रात स्थान काय? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने विसाहून अधिक माणसे दगावली. फवारणी करणाऱ्यांत शेतमालकांइतकेच शेतमजूरही होते. जो नोंदीत नाही तो मदतीतही नसतो, हा आपल्या प्रशासनाचा जुना रिवाज आहे.

जागतिक व्यासपीठांवरही परिस्थिती फार वेगळी नाही. रोममध्ये जागतिक अन्नसुरक्षा समितीने २०२३ मध्ये अन्नविषयक माहितीसंबंधी शिफारशी स्वीकारल्या. त्या ऐच्छिक आहेत. २००१ च्या आंतरराष्ट्रीय बीज करारात ज्वारी आणि तूर येतात, राजूरच्या शिवारातील कापूस आणि सोयाबीन येत नाहीत. त्यातही आता बियाणे प्रत्यक्ष नेण्याची गरज उरलेली नाही. त्याचा जनुकीय क्रम संगणकावर वाचला की काम भागते. अशा वापरातून होणाऱ्या नफ्याचा एक टक्का किंवा उलाढालीचा ०.१ टक्का कंपन्यांनी द्यावा, असे २०२४ मध्ये कोलंबियातील काली येथे ठरले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यासाठी निधीही स्थापन झाला. पण 'द्यावा' आणि 'द्यावाच लागेल' यांत अंतर आहे. ते अंतर भरून काढण्याचा आग्रह भारताने धरला पाहिजे.

तसा आग्रह धरण्याचा नैतिक अधिकार भारताला आहे. अमेरिकेने १९९५ मध्ये दिलेले हळदीचे पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. ती लढाई आपल्या जुन्या ग्रंथांतील लेखी पुराव्यांच्या बळावर जिंकली गेली. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला वाण जपणारा आणि घडविणारा म्हणून हक्क दिले. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावाच्या हाती लोक जैवविविधता नोंदवही दिली. बियाण्याबाबत जे तत्त्व आपण स्वीकारले, तेच माहितीबाबत स्वीकारण्यात अडचण कोणती?

म्हणून मागणी साधी आहे. माझी नोंद कोणी, केव्हा, कशासाठी पाहिली, हे शेतकऱ्याला त्याच्याच मोबाईलवर मराठीत दिसावे. गावाची एकत्रित माहिती दर हंगामात ग्रामसभेपुढे यावी. पीक कापणी प्रयोगांचे जे आकडे विम्याची भरपाई ठरवितात, ते चावडीवर लागावेत. खासगी कंपनीला माहिती द्यायची तर लेखी कराराने, लाभाचा वाटा ठरवून आणि संमती मागे घेण्याची मुभा ठेवून द्यावी. ठेकेदार शेतकरी आणि शेतकरी महिला यांची स्वतंत्र नोंद व्हावी.

तंत्रज्ञानाला पाठ फिरविणे हा यावरचा मार्ग नव्हे. मोजमापाला नकार देणाऱ्याचे नुकसानही कोणी मोजत नाही. आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी पुढच्या पीक पाहणीच्या वेळी गावात बसावे, शेजाऱ्याची नोंद करून द्यावी आणि ती कोठे जाते हेही त्याला समजावून सांगावे. कोळसा गेला तेव्हा राजूरला कोणी विचारले नव्हते. शिवाराची माहिती जाण्यापूर्वी तरी ते विचारले गेले पाहिजे.