चिक्कडपल्लीचा वाचक आणि विद्यापीठाचे पुस्तक

हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या सिटी सेंट्रल लायब्ररीत सकाळी जागा मिळवायला धावपळ असते. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली, शेजारच्या अशोकनगरात खोली घेऊन राहणारी मुलेमुली स्पर्धा परीक्षांसाठी दिवस दिवस तिथे बसून असतात. अनेकांच्या पुढ्यात ग्रंथालयाचे पुस्तक नसतेच. घरून आणलेले असते, नाहीतर झेरॉक्स. त्यांचा भरवसा असतो तो तेलुगू अकादमीच्या पुस्तकांवर, आणि ती अकादमी तिथून जवळच, हिमायतनगरात आहे. यातले बहुतेक जण पदवी घेऊन बाहेर पडलेले आहेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे कार्ड गेले, आणि त्याबरोबर विद्वानांनी लिहिलेल्या बहुतेक पुस्तकांचे दारही मिटले. विद्यापीठांच्या प्रकाशनाचा पल्ला मोजायचा असेल तर तो या टेबलावर मोजावा, असे माझे म्हणणे आहे. ज्या पुस्तकाचा लेखक सरकारी पगारावर, ज्याचे संशोधन सरकारी अनुदानावर आणि ज्याची छपाई विद्यापीठाच्या खर्चाने, ते पुस्तक पहिल्या दिवसापासून कोणालाही मोफत वाचता, उतरवून घेता आणि पुढे देता आले पाहिजे. यालाच जगात ओपन ॲक्सेस म्हणतात.

हैदराबादला या विषयात सांगण्यासारखा स्वतःचा इतिहास आहे. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले ते उर्दू माध्यमाचे, आणि त्याच्या आधी वर्षभर दारुल तर्जुमा हा अनुवाद विभाग उभा राहिला. देशी भाषेत वैद्यक, कायदा, गणित, इतिहास शिकवायचा तर पुस्तके हवीत, म्हणून परिभाषा घडवण्यापासून छपाईपर्यंत सगळे काम तिथे झाले. शेकडो ग्रंथ निघाले. त्या काळचा मराठवाडा निजामाच्या राज्यात, त्यामुळे औरंगाबाद, नांदेड, परभणीकडची कितीतरी मराठी मुले याच विद्यापीठात शिकली. 1948 नंतर राज्य गेले, शिक्षणाचे माध्यम बदलले आणि हा विभाग मिटला. एवढ्या कष्टाने उभे केलेले ज्ञान एका विद्यापीठाच्या आवाराला आणि एका राजवटीच्या आश्रयाला बांधलेले होते. आश्रय सुटला तशी पुस्तकेही वाचकांना परकी झाली. काम मोठे आणि पोच अपुरी, ही आपल्या विद्यापीठीय प्रकाशनाची दुखरी जागा तिथेच दिसते.

याच उस्मानियाच्या ग्रंथालयाने पुढे, बहुधा मनात नसतानाही, उलट बाजूचा पुरावा दिला. या शतकाच्या सुरुवातीला डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात देशातल्या ग्रंथालयांमधली लाखो पुस्तके स्कॅन झाली. त्यात उस्मानियातली मराठी पुस्तकेही होती. आज इंटरनेट आर्काइव्हवर जुने मराठी पुस्तक शोधताना पहिल्याच पानावर अनेकदा उस्मानिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाची चिठ्ठी दिसते : वर्गांक, लेखक, शीर्षक आणि पुस्तक परत करण्याची सूचना. सोलापूरचा शिक्षक किंवा न्यू जर्सीतली मराठी मुलगी हैदराबादच्या कपाटातले पुस्तक असे घरबसल्या उघडते. त्या कपाटापाशी प्रत्यक्ष जाऊन आजवर कितीजणांनी ते पुस्तक काढले असेल, याचा विचार केला की फरक कळतो. पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. मूळ प्रकल्पाचे संकेतस्थळ स्वामित्वहक्काच्या तक्रारींमुळे बंद पडले. बाहेरच्या स्वयंसेवकांनी आधीच प्रती करून ठेवल्या म्हणून पुस्तके वाचली. नंतर स्कॅन करून, हक्कांचा घोळ ठेवून दिलेली मुभा अशी कधीही काढून घेतली जाऊ शकते. परवानगी पुस्तक निघतानाच त्याच्या पानावर छापलेली असली, तर ती कोणाच्या मर्जीवर राहत नाही.

अपुऱ्या पोचेची दुसरी गोष्ट त्याआधीची आहे. 1968 च्या सुमारास केंद्र सरकारने प्रत्येक राज्याला विद्यापीठीय पुस्तके राज्याच्या भाषेत काढण्यासाठी एक कोटी रुपये देऊ केले. त्या काळात ही रक्कम फार मोठी होती. आंध्रात तेलुगू अकादमी झाली, नागपुरात महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ. अकादमीचे नाव आजही चिक्कडपल्लीतल्या मुलांच्या तोंडी आहे, कारण तिची पुस्तके परीक्षेला लागतात. नागपूरच्या मंडळाने भौतिकशास्त्रापासून राज्यशास्त्रापर्यंत मराठीत काढलेले ग्रंथ मात्र आज जुन्या पुस्तकांच्या दुकानात नशिबाने हाती लागतात. मराठीत उच्च शिक्षणाची पुस्तके नाहीत, अशी तक्रार आपण करतो. ती लिहिली गेली होती, जनतेच्या पैशाने छापलीही गेली होती. आवृत्ती संपली की विषयही संपला, एवढेच.

मुक्त प्रकाशन म्हणजे पीडीएफ संकेतस्थळावर टाकणे, असा एक समज आहे. शोधगंगा या विद्यापीठांच्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर आज पाच लाखांहून अधिक प्रबंध खुले आहेत आणि त्यांत मराठीतलेही पुष्कळ आहेत. तरी सामान्य वाचक तिकडे फिरकत नाही, कारण प्रबंध परीक्षकांसाठी लिहिलेला असतो. त्यातली पुनरुक्ती काढणे, विषय जाणणाऱ्या दोघातिघांकडून तो तपासून घेणे, मुद्रितशोधन, सूची, नकाशे, नीट मांडणी, आणि पुस्तक जगातल्या ग्रंथालयांच्या सूचीत सापडेल अशी नोंद करणे, हे विद्यापीठ प्रकाशनाचे खरे काम. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीने 2003 पासून आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने 2015 पासून नेमके हेच केले : सगळे संस्कार पूर्ण, आणि वाचकाला शुल्क शून्य. श्रीराम वेंकटरामन यांचे दक्षिण भारतातल्या समाजमाध्यमांवरचे पुस्तक लंडनच्या याच प्रकाशनाने 2017 साली काढले. चेन्नईजवळ राहून केलेल्या अभ्यासाचे ते पुस्तक तिथलाच वाचक फुकट वाचू शकतो. एरवी आपल्या गावावर परदेशात निघालेले पुस्तक आपल्याच गावाला परवडत नाही.

पैसा कुठून आणायचा, हा पहिला आक्षेप आणि तो रास्त आहे. संपादन फुकट होत नाही. पण पैसा आपण आजही मोजतोच आहोत. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली : तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके, 6,300 संस्था. जिल्ह्याच्या सरकारी महाविद्यालयातल्या संशोधकाला याचा मोठा उपयोग आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही ही रक्कम वाचण्याचे भाडे आहे. मुदत संपली की पुन्हा भरायचे. चिक्कडपल्लीच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसलेला वाचक त्यात नाही, आणि मराठी किंवा तेलुगूतल्या विद्वत्तेला त्यातून काही मिळत नाही. वर्षाला 2,000 कोटींपैकी एक टक्का म्हणजे 20 कोटी. एवढ्यात देशी भाषांतल्या विद्यापीठ प्रकाशनांना संपादक, मुद्रितशोधक आणि तपासनीसांचे मानधन देता येईल, आणि निघालेले पुस्तक कायमचे सगळ्यांचे राहील.

दुसरा आक्षेप दर्जाचा : फुकट ते हलके. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांनी आपल्याकडे उच्छाद मांडला, आणि ओपन ॲक्सेसचे नाव त्यातच बदनाम झाले. मात्र ती दुकाने लेखकाकडून पैसे घेतात; जितके लेख छापतील तितकी कमाई, मग नकार देणार कोण? लेखक आणि वाचक या दोघांकडूनही काही न घेणारे प्रकाशन या मोहातूनच सुटते. लॅटिन अमेरिकेत ब्राझीलने 1990 च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेले सायेलो हे खुल्या नियतकालिकांचे जाळे बव्हंशी सरकारी आणि विद्यापीठांच्या पैशावर चालते आणि पोर्तुगीज, स्पॅनिश भाषांतले संशोधन जगासमोर आणते. इंग्रजीबाहेरच्या भाषांना हा रस्ता झेपतो, याचा याहून चांगला दाखला नको.

खासगी मराठी प्रकाशकांची आणि लेखनावर गुजराण करणाऱ्या लेखकांची भीती मी हलकी मानत नाही. कथा, कादंबरी, चरित्र, लोकप्रिय इतिहास यांना हा नियम लावण्याचे कारणच नाही. हे बोलणे पगारदार प्राध्यापकांच्या आणि अनुदानित संशोधनाच्या ग्रंथांपुरते आहे, ज्यांच्या काही शे प्रती निघतात आणि ज्यांच्या मानधनावर कोणाचे घर चालत नाही. कागदावर वाचायचे असेल त्याला मागणीप्रमाणे छापलेली प्रत विकत घेता यावी. लंडनचे प्रकाशनही छापील प्रती विकतेच. खुल्या परवान्यात लेखकाचे नाव आणि श्रेय कायम राहते, हेही पुष्कळांना सांगावे लागते.

आणि मराठीला हे परके नाही. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड आज कोणीही मोफत वाचू शकतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकेही संकेतस्थळावर उतरवून घेता येतात. मोल्सवर्थचा कोश, दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश हे तिन्ही मात्र शिकागो विद्यापीठाने सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. हैदराबाद, बडोदा, इंदूरचा मराठी माणूस शब्द अडला की शिकागोच्या दारात जातो. ती सोय उत्तम आहे, तरी ती आपल्या एकाही विद्यापीठाने केली नाही याचे मला वाईट वाटते. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात ठरली आणि त्याच वर्षी रिद्धपूरचे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले. त्याला अजून जुन्या सवयी लागलेल्या नाहीत. त्याने आपला प्रकाशन विभाग पहिल्यापासून खुला ठेवावा, आणि कामाची सुरुवात नागपूरच्या मंडळाच्या जुन्या ग्रंथांपासून करावी : हक्कांची चौकशी, लेखकांच्या वारसांची संमती, आणि एकेक पुस्तक नव्याने जुळवून खुल्या परवान्यासह.