बैलाचे दात आणि मोबाईलचा नंबर

गुरांच्या बाजारात बैल घेणारा आधी त्याचे दात बघतो, चालवून बघतो आणि सौदा ठरला की पावती करतो. विकणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही. जुनी मोटारसायकल घेताना आरसी बुक मागितले म्हणून कुणी रुसत नाही. मग जुना मोबाईल घेतानाच बिल मागायचा आपल्याला एवढा संकोच का, हे मला कळत नाही.

आमच्या दूधवाल्याच्या मुलाने स्टँडजवळच्या एका दुकानातून सात हजारांना जुना फोन घेतला. खोका नाही, बिल नाही. "आपलीच माणसं, पावती कशाला?" असे दुकानदार म्हणाला होता. दोन महिन्यांनी पोलीस ठाण्यातून बोलावणे आले. फोन चोरीचा निघाला. तो जमा झाला, पैसेही गेले, आणि दुकानदाराने ओळखच दाखवली नाही!

प्रत्येक फोनला १५ आकड्यांचा आयएमईआय नंबर असतो (दोन सिमचा असेल तर दोन). चोरीची तक्रार झाली की २०२३ पासून देशभर लागू झालेल्या सीईआयआर यंत्रणेत तो नंबर बंद करता येतो, आणि त्या फोनमध्ये कुणी सिम घातले की पोलिसांना माग लागतो. ज्याचा फोन गेला त्याच्या दृष्टीने हे उत्तमच. पण आधी सापडतो तो सिम घालणारा. चोर आणि मधले दलाल तोवर मोकळे, आणि रोख पैसे मोजलेल्या पोराकडे दाखवायला कागद नाही.

घेण्याआधी स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबावे, दिसेल तो नंबर खोक्याशी आणि बिलाशी जुळवावा. मग इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ ला करावा. काळ्या यादीत, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असे उत्तर आले तर सरळ दुकानाच्या पायऱ्या उतराव्यात. अर्थात सकाळी चोरलेल्या फोनची तक्रार नोंदली जाईपर्यंत त्याचा नंबर स्वच्छच दिसणार. म्हणून विकणाऱ्याचे नाव, पत्ता, फोनचा नंबर आणि सही असलेली पावती हवीच. खरे तर ही सगळी तपासणी दुकानदाराने फोन विकत घेतानाच करायला हवी. धंदा त्याचा, नफा त्याचा. जोखीम तेवढी गिऱ्हाइकाची, हा कुठला न्याय?

नातू म्हणतो, "आजोबा, एवढं विचारलंत तर कुणी तुम्हाला फोन विकणारच नाही."

न विकेना का!