गच्चीवरचं सोलर बंद, घराघरात गिझर चालू

बेसा, बेलतरोडी, घोगली, पिपळा या पट्ट्यातल्या मोठ्या फ्लॅट स्कीमच्या गच्चीवर एकदा चढून पाहा. बऱ्याच ठिकाणी पाण्याच्या टाक्यांच्या बाजूला काचेच्या काळ्या नळ्यांची रांग आणि तिच्या डोक्यावर आडवी टाकी दिसेल. हे सोलर वॉटर हीटर. आता खाली उतरा आणि कुठल्याही घरी विचारा, आंघोळीचं पाणी कशावर तापतं? उत्तर येईल, गिझरवर.

मग वरचं ते काय आहे?

"ते बिल्डरनं लावून दिलं होतं. पहिल्या वर्षी चाललं थोडंफार. आता बंद आहे."

थंडी सुरू झाल्यापासून ओळखीपाळखीच्या बऱ्याच स्कीममध्ये मी गच्चीवर जाऊन आलो. कुठे अर्ध्या नळ्या फुटलेल्या, कुठे टाकीतून गळती म्हणून बायपास मारलेला, आणि एका ठिकाणी तर त्या लोखंडी स्टँडवर चादरी वाळत होत्या. फ्लॅट घेताना ब्रोशरमध्ये "सोलर हॉट वॉटर" असं ठळक छापलेलं असतं. त्याचे पैसे आपण फ्लॅटच्या किमतीत मोजलेले असतात. त्यावर बँकेचं व्याजही भरतो आहोत. आणि पाणी विजेवर तापवतो आहोत.

हे लिहायचं निमित्त वेगळं आहे. सध्या मोबाइलवर हीट पंपच्या जाहिराती फिरताहेत. "७० टक्के वीज वाचवा." त्या पाहून दोन-चार जणांनी मला विचारलं, भाऊ, घ्यावा का? म्हटलं, एकदा नीट हिशेब मांडू. आपल्या नागपूरचा. पुण्याचा नाही, बंगळुरूचाही नाही.

हिशेब बादलीचा आणि महिन्यांचा

चार माणसांचं घर. डिसेंबरच्या सकाळी टाकीतलं पाणी साधारण १८ अंशांचं धरू, आंघोळीला ४० अंशांचं पाहिजे. चौघांच्या बादल्या आणि वरखर्च धरून १०० लिटर. शंभर लिटर पाणी २२ अंशांनी तापवायला अडीच युनिटच्या थोडी वर वीज लागते. गिझरच्या टाकीतून आणि पाइपातून उष्णता वाया जाते ती धरून रोजची ३ युनिट म्हणा.

आता महिने मोजा. इथेच नागपूर वेगळं पडतं. पुण्या-नाशिककडे बऱ्याच घरांत बारा महिने गरम पाणी लागतं. आपल्याकडे मुख्य काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं. २९ डिसेंबर २०१८ ला याच शहरात पारा ३.५ अंशांवर आला होता, तेव्हा गिझरशिवाय गत नाही हे मान्य. पण मे महिन्यात आपला प्रश्न उलटा असतो, नळाला येणारं पाणी थंड कसं करायचं हा! घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर थोडं वाढेल. सर्वसाधारण घरात चार महिन्यांची ३६० युनिट, पावसाळ्यातले गारठ्याचे दिवस धरून ४०० युनिट. गिझरची युनिट बिलात सर्वांत वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात. शंभर युनिटच्या पुढचा महावितरणचा दर पहिल्या शंभरच्या जवळपास दुप्पट आहे. हिशेबाला १० रुपये धरले तर वर्षाचे ४,००० रुपये झाले.

हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी. हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे गिझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत तेवढंच पाणी तापतं. जाहिरात खोटी नाही. पण घरगुती मशीन, पाइप आणि बसवणूक धरून खर्च लाखाच्या आसपास जातो. वर्षाला वाचणार अडीच-पावणेतीन हजार. वसूल व्हायला पस्तीसच्या वर वर्षं लागतील. तोवर मशीन टिकणार नाही, राजेहो.

म्हणून चार माणसांच्या फ्लॅटसाठी माझं उत्तर सरळ आहे. फक्त चार महिन्यांच्या आंघोळीसाठी हीट पंप घेऊ नका.

पण हेच मशीन हॉस्पिटलला, हॉटेलला, मोठ्या खानावळीला आणि मिहानमधल्या पोरापोरींनी भरलेल्या पीजीला वेगळं पडतं. जिथं रोज १,००० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचं आणि तेही बारा महिने, तिथं दिवसाला ३५ युनिट जातात, वर्षाला पावणेतेरा हजार. त्यातली दोन तृतीयांश, म्हणजे साडेआठ हजार युनिट वाचतात, तीही व्यावसायिक दराची. तिथं पैसा काही वर्षांत वसूल होतो. एवढंच सांभाळायचं की मशीन हवेशीर जागी पाहिजे आणि पाणी दुपारी तापवून ठेवायचं. हिवाळ्यातही आपल्याकडे दुपारची हवा बऱ्यापैकी गरम असते, पहाटे पाचला चालवलं तर वीज जास्त खातं. शिवाय ज्यांच्याकडे टीओडी मीटर लागले त्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते ५ मधल्या विजेवर थोडी सवलत आहे, ती ज्यांच्या घरी मोठा गिझर आहे त्यांनाही वापरता येते.

मग गच्चीवरचं सोलर का मेलं?

चार महिन्यांच्या गरजेला खरं तर तेच बरं होतं. नागपूरचा हिवाळा म्हणजे स्वच्छ आकाश आणि दिवसभर ऊन. यंत्रात फिरणारा भाग नाही, मोटर नाही. मग बंद का पडतं? प्लंबर आणि मेकॅनिक लोकांशी बोलून जी कारणं कळली ती सांगतो.

पहिलं कारण बोअरचं पाणी. आपल्या भागात किती स्कीम बोअर आणि टँकरवर आहेत हे सांगायला नको. बोअरचं पाणी जड. ते तापलं की क्षार सुटतो, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तोच हा. तांब्याच्या बारीक पाइपांचं पॅनल अशा पाण्यानं लवकर चोकअप होतं. काचेच्या नळ्या रुंद असतात, त्या जास्त तग धरतात आणि साफ करता येतात. पण साफ करायला कोणी तरी पाहिजे ना!

दुसरं, पाइपलाइन. सातव्या मजल्याच्या गच्चीवरून दुसऱ्या मजल्यापर्यंत वीस मीटर एक इंची पाइप गेला तर त्यातच जवळपास १० लिटर पाणी मावतं. पाइपाला उष्णतारोधक आवरण नसेल तर ते रात्रभरात थंड. सकाळी गरम पाणी यायच्या आधी अर्धी बादली थंड पाणी सोडायचं. टँकर विकत घेणाऱ्या माणसानं ते का सोडावं? तो गिझरचं बटण दाबतो. महिनाभरात सगळे तेच करतात आणि वरच्या यंत्राकडे कोणी पाहत नाही.

तिसरं, उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये गरम पाणी कोणी वापरत नाही, यंत्र मात्र तापत राहतं. टाकी रिकामी पडली, नळ्या कोरड्या तापल्या आणि भर दुपारी थंड पाणी आत शिरलं की काच तडकते. उपाय काय, तर उन्हाळ्यात त्यावर ग्रीन नेट नाही तर जाड कापड टाकायचं. कूलरच्या मोसमात आपण घराला नेट बांधतोच, तीनशे-चारशे रुपयांचं अजून एक. फेब्रुवारी-मार्चची गारपीट आणि वानरं, हे दोन पाहुणे आहेतच.

चौथं कारण सर्वांत मोठं. ते यंत्र कोणाचंच नाही. बिल्डर म्हणतो, हँडओव्हर झालं. सोसायटी म्हणते, आम्हाला कागदच दिले नाहीत. वरच्या मजल्यावाले म्हणतात आम्हाला पाणी येतं, खालचे म्हणतात आम्हाला येत नाही तर आम्ही पैसे काहून द्यावे? मग मीटिंगमध्ये विषय पुढच्या वर्षावर.

जबाबदारी कोणाची?

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या भूखंडावरच्या इमारतींना गच्चीवर सोलर वॉटर हीटर किंवा सोलर वीज पॅनल सक्तीचं आहे. त्यामुळे बिल्डर लावतो. पण ओसी मिळाल्यावर ते चालतं का, हे कोण बघतं? नियम कागदावर पूर्ण होतो आणि यंत्र गच्चीवर सडतं.

फ्लॅटधारकांच्या हातात एक गोष्ट आहे, जी फारच थोड्यांना माहीत दिसली. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा दिलेल्या सोयींमध्ये दोष निघाला, तर बिल्डरला कळवल्यापासून ३० दिवसांत तो विनाशुल्क दुरुस्त करून द्यावा लागतो. नाही दिला तर महारेराकडे भरपाई मागता येते. ब्रोशर आणि करारनाम्यात सोलर लिहिलं असेल आणि ते पाणीच देत नसेल, तर लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोंबलून काही होत नाही. फोटो, तारीख, पोच घेतलेलं पत्र. बऱ्याच स्कीमची पाच वर्षं संपत आली आहेत, म्हणून घाई करा.

आता नगरपंचायतीकडे येतो. पुणे महापालिका सोलर, गांडूळ खत, पर्जन्य जलसंधारण यातलं एक असेल तर मालमत्ता करात ५ टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सूट देते. बंगळुरूत २००७ पासून मोठ्या प्लॉटवरच्या घरांना सोलर वॉटर हीटर नसेल तर वीज जोडणी नाही, असा नियम आणला गेला. आपण ग्रामपंचायतीतून बेसा-पिपळा नगरपंचायत झालो. कराची पावती आली, आता कराच्या बदल्यात काही तरी येऊ द्या. माझी मागणी दोनच गोष्टींची. एक, ओसी देण्याआधी मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या माणसानं, मग ती एनएमआरडीए असो की नगरपंचायत, गच्चीवर जाऊन आणि सर्वांत खालच्या मजल्यावरचा नळ सोडून बघावा. दोन, करात सवलत द्या, पण चालू यंत्रालाच, आणि दर हिवाळ्यात तपासून. नुसतं लावलं म्हणून सूट दिली तर पुन्हा चादरी वाळतील.

चार हजारांसाठी एवढं काय?

असं कोणी म्हणेल. एका घरापुरतं ते खरंही आहे. पण दोनशे फ्लॅटच्या स्कीममध्ये सकाळी सहा ते आठ दरम्यान एकाच वेळी निम्मे गिझर चालले तरी २०० किलोवॅट झाले, एक अख्खा ट्रान्सफॉर्मर फक्त आंघोळीला. अशा दहा स्कीम एका फीडरवर धरा, मग थंडीत सकाळी लाइन का जाते ते कळेल.

आणि दुसरी बाजू आपल्याला दक्षिण नागपुरातून दिसत नाही. ती उत्तरेला आहे, कोराडी आणि खापरखेड्याला. आपल्या घरातलं कुठलं युनिट कुठून आलं हे सांगता येत नाही, पण कोळशावरच्या एका युनिटला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो आणि आपल्या देशी कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. म्हणजे एका घराच्या एका सकाळच्या आंघोळीमागे पाऊण किलोच्या आसपास राख. ती कुठे तरी साठते. जुलै २०२२ मध्ये कोराडीचा खसाळा इथला राख बंधारा फुटला आणि राखेचं पाणी आजूबाजूच्या शेतांत आणि नाल्यांत शिरलं. तिथल्या लोकांनी आपल्या बादलीचा हिशेब भरला.

मग करायचं काय?

स्वतःचं घर असेल, गच्ची मोकळी असेल आणि माणसं जास्त असतील तर काचेच्या नळ्यांचं सोलर घ्या. शंभर लिटरचं वीसेक हजारांत बसतं आणि सहा-सात वर्षांत वसूल होतं. पाणी फार जड असेल तर घेण्याआधी तपासून घ्या आणि वर्षातून एकदा सफाईचं आधीच ठरवा. २०१४ पर्यंत यावर केंद्राचं अनुदान होतं, आता नाही. अनुदान आहे ते सोलर विजेला. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटपर्यंत ७८,००० रुपये. गच्चीवर जागा एकालाच असेल तर आधी वीज पॅनल लावा, ते बारा महिने कमावतं, आणि त्याच विजेवर गिझर चालवा.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर नवीन काही घेऊ नका. आधी वरचं सुरू करा. फुटलेल्या नळ्या बदलणं, टाकी साफ करणं, पाइपाला आवरण घालणं, हा खर्च सर्व फ्लॅटमध्ये वाटला तर एका घराला गिझरच्या एका हिवाळ्याच्या बिलाहून कमीच पडेल असं मला मेकॅनिकच्या बोलण्यावरून दिसतं. खालच्या मजल्यांना पाणी पोचतच नसेल तर वरच्या दोन-तीन मजल्यांपुरतं चालू ठेवा आणि खर्च त्यांच्याकडून घ्या. सगळ्यांना नाही म्हणून कोणालाच नाही, हा न्याय सोडा.

आणि ज्यांच्याकडे गिझरच आहे त्यांनी त्याचं तापमान ५०-५५ वर आणावं आणि आंघोळ झाली की बटण बंद करावं. फुकटचं काम आहे.

या रविवारी एक करा. सोसायटीच्या अध्यक्षांकडून गच्चीची किल्ली मागा आणि वर जाऊन फोटो काढा. तुमच्या स्कीमचं सोलर चालू आहे की बंद, किती वर्षांपासून, आणि ताबा कधी मिळाला, एवढं कमेंटमध्ये लिहा. बिल्डरचं नाव लिहू नका, ते पत्रात लिहा. सगळी माहिती गोळा करून मी ती नगरपंचायतीत नेऊन देणार आहे. कोणाला सोबत यायचं असेल तर सांगा, दोन-चार जण असले की साहेब लवकर भेटतात.