साडेचार हजारांचा आवाज

गेल्या हिवाळ्यात मी पुण्याच्या जुन्या बाजारातून होम थिएटरचा एक वापरलेला अ‍ॅम्प्लिफायर साडेचार हजार रुपयांना आणला. अकरा किलोंचं काळं धूड. रिक्षावाल्याने विचारलं, "व्हीसीआर आहे का?" घरी पोचेपर्यंत दोन मतं आणखी मिळाली. मेहुणा म्हणाला, "एवढ्यात थोडी भर घालून नवा साउंडबार आला असता. दुसऱ्याचा कचरा कशाला उचलून आणलास?" जुन्या गाण्यांचा शौकीन असलेला एक दोस्त फोनवर म्हणाला, "बरं केलंस. जुन्या मालाचा आवाजच वेगळा. नव्यात तो गोडवा नाही." यंत्र अजून पोत्यातच होतं. एकाही माणसाने ते ऐकलं नव्हतं, पण आवाजाबद्दलचा निकाल दोघांकडे तयार होता.

या लेखात मला एवढंच सांगायचं आहे की दोघंही चुकत होते. त्यांच्याहून जास्त मी चुकलो होतो, कारण मी ते यंत्र बाजारात ऐकून घेतलं होतं.

आधी ते का घेतलं, ते सांगतो. आमचे अब्बा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. सिनेमाचे वेडे. तीन वर्षांपूर्वी घरात पातळ, मोठा टीव्ही आला आणि अब्बांचा प्रश्न सुरू झाला, "क्या बोल्या वो?" दर दोन मिनिटांनी. आम्ही आवाज वाढवायचो. संवाद संपून गाणं लागलं की भिंतीपलीकडचे शेजारी खोकायचे, आम्ही आवाज कमी करायचो. पुन्हा "क्या बोल्या वो?" मग एक दिवस त्यांनी विचारणं सोडून दिलं. आम्ही हसलो की आमच्या तोंडाकडे बघून एक क्षण उशिरा तेही हसायचे. पुढे पुढे जेवण झालं की ते गॅलरीत जाऊन बसायला लागले. आम्हाला वाटलं, वय झालं, सिनेमात मन रमत नाही. मन रमत होतं, फक्त शब्द पोचत नव्हते.

वाढत्या वयात सगळा आवाज सारखा कमी होत नाही. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त, थ ही व्यंजनं त्या पट्टीतली. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले, ते टिकून राहतात. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला कोणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, काय बोलतंय ते कळत नाही. टीव्हीचा आवाज वाढवला की स्वर वाढतात, पार्श्वसंगीतही वाढतं, आणि व्यंजनं त्या गोंगाटात आणखी बुडतात. त्यात पातळ टीव्हीचे स्पीकर बोटभर लांबीचे, आणि तोंड बहुतेक वेळा खाली किंवा मागे. म्हणजे बोलणारा माणूस भिंतीकडे तोंड करून बोलतोय असंच समजा.

इथे होम थिएटरचा अ‍ॅम्प्लिफायर कामाला येतो, आणि तो धमाक्यासाठी नव्हे. १९९२ सालच्या 'बॅटमॅन रिटर्न्स' या सिनेमापासून डॉल्बी डिजिटलचा ५.१ आवाज थिएटरांत आला. समोर डावा, उजवा आणि मधला, मागे दोन, आणि जाड आवाजासाठी एक सबवूफर. या सहांपैकी बहुतेक सगळे संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये या मधल्या स्पीकरचा आवाज बाकीच्यांना हात न लावता एकटा वाढवता येतो. संगीत आहे तिथेच राहतं, माणूस मात्र जवळ येऊन बोलतो. साध्या टीव्हीत ही सोय नसते. मला हवी होती ती एवढीच गोष्ट.

आता प्रश्न असा, की एवढी कामाची वस्तू इतकी स्वस्त कशी? मेहुण्याचा तर्क साधा होता: स्वस्त आहे म्हणजे आवाज वाईट असणार. पण ही यंत्रं आवाजामुळे स्वस्त होत नाहीत, मागच्या खाचांमुळे होतात. एचडीएमआयची १.४ ही आवृत्ती २००९ साली आली, २.० ही २०१३ साली, २.१ ही २०१७ साली. चित्राचा दर्जा एक पायरी चढला की जुन्या यंत्रातून ते चित्र पुढे जात नाही आणि मालक यंत्र विकायला काढतो. आतला जड ट्रान्सफॉर्मर, ट्रान्झिस्टर आणि उष्णता बाहेर टाकणारे अ‍ॅल्युमिनियमचे पंख यांना नव्या आवृत्तीशी काही देणंघेणं नसतं. चित्र थेट टीव्हीत जाऊ द्या आणि आवाज तेवढा ऑप्टिकल केबलने टीव्हीतून अ‍ॅम्प्लिफायरला द्या, की झालं. ही ऑप्टिकल जोडणी १९८३ सालापासून आहे आणि डॉल्बी डिजिटलचा ५.१ आवाज आजही तिच्यातून जातो. अ‍ॅटमॉससारखं नवं काही मिळणार नाही. पण छताला स्पीकर लावायचे नसतील तर त्याचं दुःख करण्यात अर्थ नाही.

याचा अर्थ जुनं दिसलं की उचला, असा नाही. घेताना पाहायच्या गोष्टी आवाजाच्या गोडव्याहून फार रुक्ष आहेत. सगळ्यात आधी मागची पट्टी वाचा. जपानमधलं यंत्र १०० व्होल्टचं असतं, अमेरिकेतलं १२० व्होल्टचं. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला थेट लावलंत तर पैसे आणि यंत्र दोन्ही जळतील. तसं यंत्र घ्यायचंच असेल तर वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, त्याची किंमत आधीच धरून चाला. मग यंत्र चालू करा. काही सेकंदांनी आतून रिलेचा 'टक्' असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही, किंवा पडद्यावर 'प्रोटेक्ट' असं आलं, तर हात जोडून पुढे निघा. काहीही न वाजवता आवाज वाढवा आणि स्पीकरला कान लावा. बारीक फुसफुस चालेल, जाड गुणगुण चालणार नाही. प्रत्येक स्पीकरची जोडणी एकेक करून वाजवून बघा, कारण पाच वाजतात आणि सहावी मेलेली असते. अर्धा तास चालू ठेवा, कारण काही दुखणी गरम झाल्यावरच दिसतात. रिमोट विचारा, त्याशिवाय आतल्या सेटिंगपर्यंत बहुतेक यंत्रांत पोचताच येत नाही.

आणि वॅटवर भुलू नका. १०० वॅटचं यंत्र ५० वॅटच्या दुप्पट मोठं वाजत नाही. दुप्पट वॅटने आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, हा फरक जेमतेम जाणवण्याइतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. आमच्या दिवाणखान्यात संवाद ऐकताना एक-दोन वॅटही पुरतात.

हे सगळं मी नीट केलं. चुकलो ते पुढे. विकणाऱ्याने त्याचे दोन उंच स्पीकर जोडले, ढोलाचं एक गाणं लावलं आणि आवाज चढवला. छाती थरथरली. मी मान डोलावली, पैसे काढले. पहिल्या रात्री घरी सगळं जोडलं, सबवूफर मोकळा सोडला, अब्बांना गॅलरीतून आणून मधोमध बसवलं. दहा मिनिटांनी ते म्हणाले, "अच्छा है बेटा, पर धडधड बहुत है." आणि मग तेच जुनं, "क्या बोल्या वो?"

मला ते लागलं. यंत्राचा राग आला, थोडा अब्बांचाही आला. नंतर लक्षात आलं की बाजारात मी यंत्र ऐकलंच नव्हतं. मी ऐकले होते त्याचे स्पीकर, त्याचं दुकान आणि जोरात लावलेलं गाणं. माणसाच्या कानाची एक खोड आहे. तोच आवाज किंचित मोठा केला तर तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं होतं की हळू आवाजात आपल्याला जाड पट्टी कमी ऐकू येते, आवाज वाढला की तीच भरदार होते. विकणाऱ्याने हे नाव ऐकलं नसेल, पण नियम त्याला पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. मधला स्पीकर टीव्हीच्या कपाटात आत ढकलला होता, तो फळीच्या काठावर आणला आणि खाली पाचर लावून त्याचं तोंड अब्बांच्या कानाकडे वळवलं. सबवूफर बंद. मधल्याचा आवाज ४ डेसिबलने वर. खोलीतला मोठा आवाज दाबणारं आणि हळू आवाज उचलणारं 'नाइट मोड' चालू. मग लावला 'मुघल-ए-आझम'. १९६० चा, एका वाहिनीचा आवाज. अशा आवाजाला जुन्या यंत्रांतलं डॉल्बी प्रो लॉजिक मधल्या स्पीकरकडे वळवतं, म्हणजे आमच्या कामाचंच. या सिनेमात पृथ्वीराज कपूर कुठल्याही टीव्हीवर ऐकू येतील, अगदी बंद टीव्हीवरही. खरी परीक्षा दिलीपकुमारांची. ते जवळजवळ ओठांतल्या ओठांत बोलतात. सलीम बोलला आणि अब्बा काही विचारण्याऐवजी पुढचं वाक्य त्याच्याबरोबर पुटपुटले. मी पाठांतराचा संशय घेतला, म्हणून मग त्यांनी न पाहिलेला एक मराठी सिनेमा लावला. विनोद झाला तेव्हा ते आमच्याबरोबर हसले, एक क्षणही उशीर न करता.

आता यात साडेचार हजारांच्या यंत्राचा वाटा किती? हे जाणून घ्यायची मला खोड आहे. मेहुण्याचा नवा, कितीतरी महाग अ‍ॅम्प्लिफायर एका रविवारी उसना आणला. चाचणीची 'शूं' लावून फोनवरच्या मापकाने दोन्हींचा आवाज सारखा केला. मधे चादर टांगली. मुलगी चादरीमागे यंत्र बंद करून तारा बदलायची, कधी काढून पुन्हा त्याच यंत्राला लावायची. दहा वेळा मी ओळखायचा प्रयत्न केला, सहा वेळा बरोबर आलो. नाणं उडवूनही तेवढंच आलं असतं. तारा बदलायला मिनिटभर जायचं, त्यामुळे ही परीक्षा काही प्रयोगशाळेतली नव्हे. पण एक गोष्ट मला विसरता येत नाही: दहाही वेळा मी ठाम होतो. "हा नवा, स्वच्छ आहे", "हा जुना, थोडा भरलेला आहे". चुकलो त्या चार वेळांतही आवाज तितकाच आत्मविश्वासाचा.

म्हणून माझं मत असं. यंत्र निरोगी असेल आणि त्याच्या ताकदीबाहेर वाजवत नसाल तर दोन अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक लोक सांगतात त्याच्या तुलनेत फार लहान असतो. स्पीकर, तो ठेवलेली जागा, खोलीतल्या उघड्या भिंती आणि पडदे यांचा फरक मोठा असतो, आणि त्यातलं बरंचसं फुकट असतं. मेहुण्याने किमतीवरून निकाल दिला, दोस्ताने आठवणींवरून, मी छातीच्या थरथरीवरून. तिघांनीही कान वापरला नाही. साउंडबार वाईट असं मी म्हणत नाही. ज्याला तारा ओढायच्या नाहीत, अर्धा दिवस घालवायचा नाही, त्याने तोच घ्यावा. जुन्या यंत्राला वीज जास्त लागते, बिघडलं तर सुटे भाग मिळतीलच असं नाही, हेही खरं. पण 'आवाज चांगला आहे का' हा प्रश्न अर्धाच आहे. पुढचा अर्धा म्हणजे 'कोणासाठी'. माझ्या मुलीला फोनवरची १६ हजार हर्ट्झची शिट्टी ऐकू येते, मला येत नाही, अब्बांना त्याच्या अर्ध्यालाही काही नाही. या तिघांना एकच 'चांगला आवाज' कसा असेल?

अ‍ॅम्प्लिफायर हे कानाचं औषध नव्हे, हेही लिहून ठेवतो. महिन्याभराने अब्बा आपणहून म्हणाले की कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ. दोन वर्षं आम्ही सांगत होतो, ते टाळत होते. काय गमावलंय ते थोडं परत मिळाल्यावरच त्यांना कळलं असावं. तपासणी झाली, यंत्र बसवायचं ठरलं आहे. ते बसलं की मधल्या स्पीकरचे ते ४ डेसिबल मला कमी करावे लागतील. आनंदाने करीन. सबवूफर मात्र बंदच राहील, धडधड अब्बांना आवडत नाही.