रस्त्यावरच्या काचा झाडू नका

नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा किंवा अहमदपूरजवळ रात्री एखादे वाहन पादचाऱ्याला धडक देऊन पळून गेले, असे समजा. थोड्याच वेळात गर्दी जमते. जखमीला दवाखान्यात नेतात, ते योग्यच. मग कोणीतरी वाहनाच्या दिव्याच्या काचा पायाने कडेला सारतो. कोणाच्या टायरला लागू नयेत, एवढाच त्याचा हेतू असतो. परंतु त्यामुळे पळालेल्या वाहनाचा मागही पुसला जातो.

फ्रान्समधील लियाँ येथे १९१० साली पोलीस प्रयोगशाळा सुरू करणाऱ्या एदमाँ लोकार यांचे सूत्र न्यायसहायक विज्ञानाचा पाया मानले जाते. दोन वस्तू एकमेकींना भिडल्या म्हणजे एकीचा अंश दुसरीवर राहतो, असे ते सूत्र. काच हा असाच एक अंश होय.

काचेवरून काय कळते, हे शाळेतही पाहता येईल. चंचुपात्रात ग्लिसरीन घ्या. बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी ग्लिसरीनने भरून त्यात बुडवा. ती जवळजवळ दिसेनाशी होते! दोहोंचा अपवर्तनांक सुमारे १.४७ असल्याने प्रकाश सीमेवर वळतच नाही. खिडकीच्या काचेचा तुकडा मात्र दिसत राहतो, कारण त्याचा अपवर्तनांक सुमारे १.५२ आहे. तज्ज्ञ काचेचा कण सिलिकॉन तेलात ठेवून तेल हळूहळू तापवितात. तेलाचा अपवर्तनांक घटत जातो. कणाची कडा ज्या तापमानाला अदृश्य होते, त्यावरून काचेचा अपवर्तनांक ठरतो.

अंक जुळला म्हणजे वाहन तेच, असे मात्र नाही. तशी काच अनेक वाहनांना असते. तुटलेल्या कडा तंतोतंत बसल्या, तर पुरावा बळकट होतो. उलट, अंकांत स्पष्ट फरक असेल, तर ती काच त्या दिव्याची नव्हे, असे सांगता येते. केवळ संशयावरून पकडलेल्या निरपराध चालकाला अशी काच सोडवू शकते.

नांदेडला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. परंतु घटनास्थळी जे शिल्लक राहील, तेच तेथे तपासले जाणार. म्हणून माझे मत असे की, अपवर्तनांक शिकविताना शिक्षकांनी हा प्रयोग अवश्य दाखवावा आणि सोबत एवढे सांगावे : आधी जखमीला मदत करा, ११२ क्रमांकावर कळवा, काचांना हात लावू नका आणि पोलीस येईपर्यंत इतरांनाही त्या तुडवू देऊ नका.