नामदेवांची वाटी

पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे संत नामदेव मी पंधरा वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. त्या प्रसंगी माझा गळा दर वर्षी नेमाने दाटून येतो. पण तुपाच्या वाटीलाही माप असावे, हे मला यंदा आमच्या मोत्याने शिकविले.

मोत्या हा आमचा पॉमेरेनियन. मी नोकरीनिमित्त बारामतीला. तो इंदापूरला, आईजवळ. वडील गेले आणि त्यांच्या वाटणीची तूप लावलेली पोळी मोत्याला जाऊ लागली. एकीच्या दोन झाल्या, चहाबरोबर बिस्किटे आली आणि पाच किलोंचा मोत्या साडेसात किलोंचा झाला. "काय गुटगुटीत आहे हो!" असे आळीतले कोणी म्हणाले की आई कृतार्थ होई.

यंदा तुकोबांची पालखी सणसर, निमगाव केतकी करीत इंदापुरात आली. टाळांचा आवाज ऐकून मोत्या दारापर्यंत धावला आणि उंबऱ्यातच बसला. जीभ बाहेर, श्वास लोहाराच्या भात्यासारखा. आईचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्याच दिवशी मी त्याला बारामतीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले.

बाईंनी त्याच्या अंगावरून हात फिरविला. "बरगड्या बोटांना सहज लागायला हव्यात. वरून पाहिले तर कंबर दिसायला हवी." छाती तपासली, थायरॉइडसाठी रक्त पाहिले. दोष तुपाचाच निघाला.

मी उत्साहाने म्हणालो, "मग उद्यापासून एकादशी!"

"मुळीच नको! उपासाने चरबीबरोबर मांसही झडते. आठवड्याला वजनाचा शंभरावा भाग उतरवा, फार तर दोन. म्हणजे तुमच्या मोत्याचे पाऊणशे ते दीडशे ग्रॅम."

मग हिशेब झाला. एवढ्याशा जीवाला वजन उतरविताना दिवसाला साधारण 230 कॅलरी पुरतात. तूप लावलेल्या दोन पोळ्यांतच तेवढ्या भरतात! बाईंनी अन्न ठरवून दिले. ते सकाळीच तोलून डब्यात काढायचे, दोनतीनदा विभागून द्यायचे. वरचा खाऊ एकूण अन्नाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नको, आणि तोही हिशेबातलाच. फिरणे उन्हाआधी, दहा मिनिटांपासून. गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा, कारण लहान कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक. कांदा नको, आणि द्राक्षे-बेदाणे तर मुळीच नकोत. त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणाही वर्ज्य!

हे सारे मी आईला सांगितले. ती म्हणाली, "अरे, ह्यांच्या वाटणीची पोळीसुद्धा आता तोलून घालू का मी?"

मराठीच्या प्राध्यापकाला शब्द सुचेनात. अखेर बाईंनी सांगितलेलीच गोष्ट सांगितली. अमेरिकेत 48 लॅब्रडॉर कुत्र्यांवर जन्मभर प्रयोग झाला. 2002 साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांना त्यांच्या भावंडांपेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिले. कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली.

"दोन वर्षे?" आईने विचारले आणि ती बराच वेळ गप्प राहिली. मग उठून तिने फळीवरून वडिलांची तुपाची वाटी काढली, राखेने लख्ख घासली आणि म्हणाली, "तोलून किती होते ते दाखव. या वाटीनेच घालीन."

तेव्हापासून ती वाटी मापाची झाली आहे. पंधरा आठवड्यांत मोत्या 6.3 किलोंवर आला. अजून किलोभर बाकी आहे, घाई नाही. पहाटे आई त्याला फिरवते, म्हणजे तोच आईला फिरवतो. तिचे गुडघेही आता कमी कुरकुरतात.

परवा फराळाची भाजणी निघाली तसा मोत्या चुलीपाशी हजर! आईने चकलीकडे नेलेला हात मागे घेतला आणि काकडीची चकती पुढे केली. त्याने ती वासून पाहिली, आईकडे पाहिले आणि कुरुमकुरुम खाल्ली.

तुमच्याकडेही असा एखादा गुटगुटीत असेल, तर दिवाळीत त्याच्या बरगड्यांवरून एकदा हात फिरवा. करंजी मात्र स्वतःच खा.