वॉल काढण्याआधी रेडिएटर बघा

वाशीला टोमॅटो खाली करून येताना कसारा घाटात बोनेट उघडून उभ्या पिकअप हमखास दिसतात. त्यात रिकाम्याही असतात. तरी दोष घाटाला! माझ्या मते बिघाड घरूनच सोबत निघालेला असतो, घाटात फक्त कळतो.

मोठं कारण बोअरचं पाणी. ज्या क्षारानं ठिबकचे ड्रिपर बुजतात, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. ड्रिपर बुजले की आपण लगेच ॲसिड सोडतो, गाडीत मात्र तेच पाणी बादलीनं ओततो. (रेडिएटरला ॲसिड नको हां, ॲल्युमिनियम खातं.) कूलंट आणि बॅटरीचं पाणी निम्मं-निम्मं घाला. तयार मिसळलेलं कूलंट असेल तर पाणी नकोच.

तपासणी स्वस्तातून सुरू करा. जाळीत कांद्याची टरफलं आणि धूळ अडकते, ती इंजिनाकडून बाहेरच्या बाजूला हलक्या धारेनं धुवा. मग फॅन, पट्टा, होज, कॅप. कॅपचं रबर गेलं की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं.

'थर्मोस्टॅट वॉल काढून टाका' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. सपाट रस्त्याला इंजिन थंड राहतं, डिझेल जास्त पितं. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरतं, म्हणजे घाटात आणखी तापणार. वॉल उकळत्या पाण्यात टाकून बघा. उघडला नाही तर नवा बसवा.

एवढं करूनही पाणी कमी होत असेल, ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय धरा. गाडी चालवू नका, मिस्त्रीला बोलवा. आणि गरम इंजिनाच्या कॅपला हात लावू नका.